मूत्रपिंडाची धमनी आणि वेळेचा हिशेब

वाहनाच्या अपघातात अंगावर ओरखडाही न उमटलेला मनुष्य आतून गंभीर जखमी असू शकतो. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीची इजा ही याच प्रकारातील. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. भरधाव गाडी एकाएकी थांबली, की चरबीच्या आवरणातील मूत्रपिंड पुढे ओढले जाते आणि त्याच्या धमनीला हिसका बसतो. धमनीचे आतले अस्तर बाहेरच्या थरांइतके लवचीक नसते. ते फाटते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि रक्तपुरवठा थांबतो.

अशा वेळी लघवीत रक्त दिसतेच असे नाही. म्हणून जोराचा आघात झाल्यावर 'बाहेर काही लागले नाही' या समाधानावर घरी परतणे धोक्याचे ठरते. शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये ही इजा स्पष्ट होते. रक्तावाचून चार ते सहा तास लोटले, की मूत्रपिंड पूर्ववत होण्याची आशा फारच थोडी उरते.

रक्तवाहिन्या टाके घालून जोडण्याचे शास्त्र अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शल्यविशारदाने सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज धमनीचा फाटलेला भाग कापून टोके जोडता येतात, पायातील शीर काढून मध्ये बसवता येते, किंवा जांघेतून नळी सरकवून आत स्टेंट ठेवता येतो.

तरीही हे उपाय प्रत्येकावर केले जात नाहीत. दुसरे मूत्रपिंड निरोगी असेल आणि वेळ निघून गेली असेल, तर पुष्कळदा शल्यविशारद शस्त्रक्रिया टाळतात. कारण धमनी दुरुस्त होऊनही मूत्रपिंडाचे कार्य बहुधा परतत नाही. रक्तस्राव आटोक्याबाहेर गेल्यास प्राण वाचवण्यासाठी मूत्रपिंड काढावेही लागते. नातेवाइकांना हा निर्णय कठोर वाटतो. पण एका निरोगी मूत्रपिंडावर मनुष्य उत्तम जगतो. दोन्ही बाजूंना इजा असेल किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर मात्र दुरुस्तीचा प्रयत्न आवर्जून केला जातो.

येथेच कुटुंबाचे कर्तव्य येते. आप्तासाठी मूत्रपिंडदान केलेली व्यक्ती घरात असल्यास तशी नोंद तिच्या पाकिटात असावी आणि अपघातानंतर डॉक्टरांना ती प्रथम सांगावी. मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णाचा रक्तदाब पुढे काही वर्षे नियमित तपासावा; रक्त कमी मिळणारे मूत्रपिंड रक्तदाब वाढवते.

ईर्यासमिती म्हणजे चालताना जीवरक्षणाची सावधानता. साधु-साध्वी पायी विहारात ती पाळतात. त्याच महामार्गावरून मोटार हाकणाऱ्या श्रावकाने वेग आवरला आणि पट्टा बांधला, तर रस्त्यावरील जीवांचे रक्षण होते आणि स्वतःचेही.