विश्लेषण : व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात वऱ्हाडाच्या ताटात काय? हुरडा, संत्री आणि शेतकऱ्याचा वाटा

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की अमरावती, अकोल्यातील हॉटेलांच्या दारात लाल फुगे लागतात. दोघांसाठी खास थाळी, हृदयाच्या आकाराचा केक, शहराबाहेर शेतावर ‘हुरडा पार्टी’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरू लागतात. प्रेमाच्या निमित्ताने चार पैसे खर्च होत असतील, तर त्यात वाईट काही नाही. मात्र या उत्सवात वऱ्हाडच्या शेतातले किती असते आणि खर्चातला किती वाटा शेतापर्यंत पोहोचतो, हे पाहायला हवे.

फेब्रुवारीतला हुरडा वऱ्हाडचाच असतो का?

हुरडा म्हणजे दाणा पूर्ण पिकण्याआधीची कोवळी ज्वारी. दाणे दुधाळ अवस्थेतून पुढे जाऊन मऊ असतानाच कणसे गोवऱ्यांच्या आरावर भाजतात आणि हातावर चोळून दाणे काढतात. ही अवस्था जेमतेम आठवडाभर टिकते. वऱ्हाडात ज्वारी प्रामुख्याने खरिपाची. त्यामुळे इथला हुरडा दिवाळीच्या आगेमागे, फार तर डिसेंबरपर्यंत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या हुरड्यासाठीच्या वाणाचे नावही ‘कार्तिकी’ आहे. जानेवारी-फेब्रुवारीतला हुरडा रब्बी ज्वारीचा. तिचा मुख्य पट्टा सोलापूर, अहिल्यानगर, बीड या बाजूला आहे. म्हणून 14 फेब्रुवारीला ताटात आलेला हुरडा कुठून आला, हे ग्राहकाने विचारायला हरकत नाही.

मग या दिवसांत इथे काय पिकते?

हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात. झाडासकट भाजलेला हरभऱ्याचा हुळा आणि गव्हाच्या कोवळ्या ओंब्या हा या दिवसांतला खास वऱ्हाडी खाऊ. जोडीला गोवऱ्यांवरचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण असले की पाहुण्यांना दुसरे काही लागत नाही.

फळांत मान संत्र्याचा. मोर्शी-वरूड पट्ट्यात संत्र्याचे दोन मुख्य बहार आहेत. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघते. मृग बहार पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलतो आणि त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येते. म्हणजे व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात एका बागेत फुलांचा घमघमाट, तर शेजारच्या बागेत तोडणी चाललेली असते. पाहुण्यांना दाखवायला याहून चांगली वेळ नाही.

नाशिकने काय केले?

द्राक्षांचा तोडणी हंगाम जानेवारी ते मार्च. नेमक्या त्याच दिवसांत, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, नाशिकजवळ 2008 पासून ‘सुलाफेस्ट’ हा संगीत, खाणे आणि वाइनचा महोत्सव भरू लागला. पण तो केवळ कल्पकतेवर उभा राहिला नाही. राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले होते. प्रक्रिया उद्योग उभा राहिला, मग पाहुणे आले. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2017 मध्ये नागपुरात संत्रा महोत्सवही झाला. पण बागेत पाहुणा आणि कारखान्यात फळ, ही साखळी अजून पक्की झालेली नाही.

शेतकऱ्याचे काय पणाला लागले आहे?

संत्र्याचा मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश. त्या देशाने 2019 नंतर आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले आणि वऱ्हाडच्या बागांना त्याचा फटका बसला. निर्यात अडली की माल देशी बाजारात येतो आणि भाव पडतो. त्यात या पट्ट्यातील भूजल खोल गेलेले. अशा वेळी जवळच्या शहरातला ग्राहक हाच भरवशाचा.

ज्वारीची गोष्ट वेगळी नाही. कापूस आणि सोयाबीनने तिची जागा घेतली. 2024-25 च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3371 रुपये होता, सोयाबीनचा 4892 रुपये. त्यात पाखरे आणि रानडुकरांचा त्रास. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले. पण साजरे केल्याने पेरा वाढत नाही. हुरड्यासाठी कणसाला चांगला भाव मिळाला, तरच चार ओळी ज्वारी टिकतील. कडबाही मिळेल.

रिद्धपूरचा संबंध काय?

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र. तेराव्या शतकात गोविंदप्रभूंचे वास्तव्य इथलेच. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’चे काम इथे केले. गोविंदप्रभूंच्या चरित्रात बाजाराचे, खाण्याचे, जातीची पर्वा न करता घराघरांत जेवल्याचे प्रसंग वारंवार येतात. मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा 2023 च्या अर्थसंकल्पात झाली ती याच गावासाठी. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. व्हॅलेंटाइनपासून तिथवरच्या दोन आठवड्यांत तरुण पाहुणे इथे येऊ शकतात.

मात्र पंथात मद्य आणि मांस वर्ज्य आहे. नाशिकची नक्कल इथे चालणार नाही आणि तिची गरजही नाही. संत्र्याचा ताजा रस, हुळा, ओंब्या, रोडगे आणि जुन्या मराठीची ओळख एवढे पुरेसे आहे.

करायचे काय?

पहिले, कणसे आणि फळांचा भाव आयोजकांनी शेतकऱ्याशी आधी ठरवावा आणि तो फलकावर लिहावा. दुसरे, कार्यक्रमाची तारीख पिकाकडे पाहून ठरवावी. हुळा 14 फेब्रुवारीची वाट पाहत नाही. तिसरे, रांधणाऱ्या बचत गटांना अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह यांची सोय स्थानिक प्रशासनाने करून द्यावी. एकत्र फिरणाऱ्या तरुण जोडप्यांना धाकात ठेवून असा हंगाम उभा राहत नाही, हेही लक्षात ठेवावे.

लाल फुग्यांचा खर्च एका संध्याकाळी संपतो. तोच पैसा बागेच्या बांधावर खर्च झाला, तर पुढच्या मृगात झाड ठेवायचे की तोडायचे, याचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याला थोडा आधार मिळेल.