शी-शूचं वेळापत्रक कोणाचं?

दीड वर्षाच्या मुलाच्या आईला शी-शूबाबत दोन सल्ले हमखास मिळतात, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट असतात. घरातली आजी म्हणते, "अगं, अजून डायपर? आमची पोरं वर्षाच्या आत सांगायला लागली होती." बालरोगतज्ज्ञ म्हणतात, "घाई करू नका, दोन वर्षांपर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही." आईला वाटतं, यातलं कुणीतरी एक नक्की चुकतंय. माझा मुलगा आता सव्वादोन वर्षांचा आहे. हे दोन्ही सल्ले मी भरपूर ऐकले, त्यांच्यामागची कारणं शोधली, आणि माझं मत असं झालंय की दोघंही बरोबर सांगतात. फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

आजी बोलते ती सवयीबद्दल. माझ्या सासूबाई त्यांची पद्धत आजही करून दाखवतात. मोरीत पाटावर बसायचं, दोन्ही पाय जुळवून पुढे घ्यायचे, बाळाला पावलांवर बसवून पाठीला आधार द्यायचा आणि 'शूऽऽ' म्हणत राहायचं. वेळाही ठरलेल्या: बाळ झोपेतून उठल्यावर, दूध प्यायल्यावर, आंघोळीच्या आधी. यात अंदाजपंचे काही नाही. पोटात अन्न गेलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळे दुधानंतर लगेच शी होण्याची शक्यता सर्वांत जास्त. रोज तीच जागा, तीच बैठक, तोच आवाज असेल तर बाळ त्याला प्रतिसाद द्यायला लागतं. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजातल्या आया जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला अशी सवय लावायला लागतात आणि पाच-सहा महिन्यांत बाळ बरंचसं कोरडं राहतं, हे निरीक्षण 1977 साली अमेरिकेतल्या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं आहे.

पण यात मोठा वाटा मोठ्या माणसाचा असतो. सहा महिन्यांच्या बाळाला शू धरून ठेवता येत नाही. आजीला त्याची वेळ कळते. त्याचं कुंथणं, एकदम गप्प होणं, पाय आखडून घेणं तिला वाचता येतं. 'वर्षाच्या आत सांगायला लागली' यामागे आधी वर्षभर कुणीतरी टक लावून बघत बसलेलं असतं.

डॉक्टर बोलतात ते नियंत्रणाबद्दल. लहान बाळाचं मूत्राशय भरलं की आपोआप रिकामं होतं. ते भरलंय हे मेंदूला कळणं, थोडं धरून ठेवणं, मोरीपर्यंत जाणं, चड्डी खाली करणं, बसणं आणि मग सैल सोडणं, ही लांबलचक साखळी आहे. बहुतेक मुलांत ती दीड ते तीन वर्षांच्या वयात जुळते. साधारणपणे शीवर ताबा आधी येतो, दिवसाच्या शूवर त्यानंतर, आणि रात्रीच्या शूवर सगळ्यांत शेवटी. हा क्रम आपल्याला बदलता येत नाही.

अमेरिकेत या प्रश्नावर एका शतकात दोन टोकं गाठली गेली. 1930 च्या सुमारास तिथल्या सरकारी पुस्तिका आयांना सांगत होत्या की पहिल्या काही महिन्यांतच बाळाला घड्याळ लावून बसवा. त्या सक्तीतून मुलांना होणारा त्रास पाहून बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी वेगळा मार्ग सुचवला. आपल्याकडे तपासायला येणाऱ्या 1,170 मुलांच्या नोंदी त्यांनी 1962 साली मांडल्या. अठरा महिन्यांच्या आसपास ओळख करून द्यायची, मूल विरोध करायला लागलं की थांबायचं, पुन्हा काही दिवसांनी बघायचं, अशी ती पद्धत. त्या मुलांना दिवसा ताबा आला तो सरासरी अठ्ठावीस महिन्यांच्या सुमारास. पुढे 1974 मध्ये एझ्रिन आणि फॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी एका दिवसाहून कमी वेळात हे शिकवण्याची पद्धत पुस्तकरूपानं आणली आणि तीही खूप गाजली. 1990 च्या दशकात ब्रेझल्टन पॅम्पर्सच्या मोठ्या मापाच्या डायपरच्या जाहिरातीत दिसले, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. ती टीका मला रास्त वाटते. पण 'विरोध दिसला की थांबा' हा त्यांचा सल्ला त्यामुळे खोटा ठरत नाही.

मग सुरुवात कधी करायची? वाढदिवसाची तारीख बघून हे ठरत नाही, मुलाकडे बघून ठरतं. दीड-दोन तास चड्डी कोरडी राहायला लागते. दुपारच्या झोपेतून मूल कोरडं उठतं. शी यायची वेळ झाली की ते पडद्यामागे, सोफ्याच्या आड जाऊन उभं राहतं. ओलं झालं की चड्डी ओढायला लागतं. 'चप्पल आण', 'बॉल ठेव' इतपत सांगितलेलं त्याला कळतं आणि ते करावंसं वाटतं. 'शी' आणि 'शू' असं काहीतरी म्हणता येतं, निदान खूण तरी करता येते. यातली तीन-चार लक्षणं दिसायला लागली की सुरुवात करावी. एखाद्या मुलात ती वीस महिन्यांत दिसतील, शेजारच्या मुलात अडीच वर्षांनी. दोन्ही मुलं निरोगी असतात.

ही लक्षणं दिसायची तर मुलाकडे बघावं लागतं, आणि इथेच डायपर आड येतो. तो ओल इतकी चांगली शोषतो की शू झाल्याचं मुलालाही कळत नाही आणि आपल्यालाही. मी डायपरच्या विरोधात अजिबात नाही. जिथे पाण्याच्या टँकरची वाट बघावी लागते, तिथे दिवसाला दहा लंगोट धुवा असं सांगायचा कुणाला अधिकार नाही. एसटीचा लांबचा प्रवास किंवा रात्रीची झोप डायपरनं सुसह्य होते. पण दीड वर्षानंतर घरी असताना रोज काही तास तरी मुलाला सुती चड्डीत ठेवावं. आपण ओले झालो, हे कळणं ही या शिक्षणाची पहिली पायरी आहे. उन्हाळा त्यासाठी सोयीचा, कारण कपडे कमी लागतात आणि धुतलेलं तासाभरात वाळतं. श्रावणात सुरुवात केली तर घरभर ओल्या चड्ड्यांच्या दोऱ्या बांधाव्या लागतात आणि आपलाच धीर सुटतो.

वापरलेला डायपर पुढे कुणाच्या तरी हातात जातो, हेही लक्षात ठेवायला हवं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असं नागरिकांना सांगितलं. 2016 च्या घनकचरा नियमांनीही असा कचरा नीट गुंडाळून देणं बंधनकारक केलं. लहान बाळाची शी निरुपद्रवी असते, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. त्यात मोठ्या माणसाच्या विष्ठेसारखेच रोगजंतू असू शकतात. ती संडासातच टाकावी आणि हात साबणानं धुवावेत.

आता शिकवायचं कसं? पहिला मुद्दा बैठकीचा. उकिडवं बसणं ही शी करण्याची सर्वांत नैसर्गिक स्थिती आहे. आजीच्या पावलांवर बाळ तसंच बसतं. फ्लॅटमधल्या कमोडवर दोन वर्षांचं मूल बसवलं की पाय लोंबकळतात, पडण्याची भीती वाटते आणि पोटाला जोर देता येत नाही. कमोडवर लहान सीट ठेवली तर पायाखाली घट्ट स्टूल हवंच. त्यापेक्षा जमिनीवर ठेवायचं प्लॅस्टिकचं भांडं बरं, त्यावर पाय जमिनीला टेकतात. भारतीय पद्धतीच्या संडासात ते खोल भोक पाहून बरीच मुलं घाबरतात. तिथे काही दिवस हात धरून उभं राहावं.

वेळा आजीच्याच ठेवाव्यात: उठल्यावर, जेवणानंतर, आंघोळीआधी, झोपण्यापूर्वी. बसवायचं ते चार-पाच मिनिटं. झालं तर 'छान' म्हणायचं, नाही झालं तर 'बरं, नंतर बघू' म्हणून उठवायचं. हातात मोबाइल देऊन अर्धा तास बसवलेलं मूल मोबाइल बघायला शिकतं, शी करायला नाही. कपडे असे हवेत की मुलाला स्वतःला खाली करता येतील. इलॅस्टिकची सैल चड्डी उत्तम. नाडी, पट्टा, बटणं नकोत. घरात, आजोळी, पाळणाघरात सगळ्यांनी शब्द एकच वापरावेत. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवावं. नवं भावंड येऊ घातलं असेल, घर बदलायचं असेल, मूल आजारातून उठलेलं असेल, तर थोडं थांबावं. आणि ते रडून, ताठ होऊन नकार देत असेल, तर दोन-तीन आठवडे विषयच काढू नये.

या सगळ्यात घात करणारी एक गोष्ट असते, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. ती म्हणजे बद्धकोष्ठ. दिवसभर दूध आणि बिस्किटं, भाजी-फळं नावाला, पाणी कमी, अशा आहारात शी कडक होते. एकदा दुखलं की मूल पुढच्या वेळी धरून ठेवतं. धरलेली शी आणखी कडक होते, आणखी दुखते. पाय आवळून, टाचा उचलून, लालबुंद होऊन उभं राहिलेलं मूल पाहून आपल्याला वाटतं ते जोर करतंय. प्रत्यक्षात ते सगळी ताकद लावून शी थांबवत असतं. पुढे आत कडक शी साठलेली असते आणि तिच्या कडेनं पातळ शी चड्डीत झिरपते. घरचे म्हणतात, हा मुद्दाम करतो. त्या मुलाच्या हातात तेव्हा काहीच नसतं. अशा वेळी भांड्यावर बसवण्याचा आग्रह सोडून आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावं. शी मऊ झाली आणि काही आठवडे दुखल्याशिवाय होत राहिली, की भीती हळूहळू जाते.

रागावण्याबद्दल मला कळकळीनं लिहायचं आहे. चारचौघांत "एवढा मोठा घोडा झालास आणि चड्डीत करतोस?" असं म्हणणं, चिमटा काढणं, ओल्या चड्डीत तसंच बसवून ठेवणं, 'शाळेत बाई मारतील' अशी धमकी देणं, हे आपल्याकडे शिस्तीच्या नावाखाली सर्रास चालतं. यानं मूल एवढंच शिकतं की शी झाली की लपवायची. लपवणारं मूल धरून ठेवायला लागतं आणि वर सांगितलेलं दुष्टचक्र सुरू होतं. फरशीवर शू झाली तर फडकं घेऊन पुसावी आणि 'पुढच्या वेळी मोरीत करू हं' म्हणावं. त्याहून जास्त काही बोलायची गरज नसते.

रात्रीच्या अंथरुणाबाबत तर रागावणं सरळसरळ अन्याय आहे. झोपेत शू होणं मुलाच्या इच्छेवर चालत नाही. पाच वर्षांच्या मुलांपैकी साधारण 15 टक्के मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, आणि दरवर्षी त्यातली काही उपचारांशिवाय कोरडी राहायला लागतात. आई-वडिलांपैकी कुणाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता वाढते. पाच वर्षांपर्यंत मेणकापड आणि धीर, एवढं पुरतं. मात्र सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, शू करताना जळजळतंय म्हणून रडलं, एकदम फार तहान लागायला लागली, किंवा चार वर्षं झाली तरी दिवसाही ताबा येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

यासाठी लागतो तो वेळ आणतं कोण? आजीची पद्धत चालली, कारण घरात दिवसभर कुणी ना कुणी बाई होती आणि तिच्या वेळेचा हिशेब कुणी मांडत नव्हतं. आज आई नोकरीला, आजी दुसऱ्या गावी, मूल पाळणाघरात. 2017 च्या प्रसूती लाभ सुधारणा कायद्यानं पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. ती जिथे मिळायला हवी तिथे मागितलीच पाहिजे. आणि घरातल्या बाबांनी या कामात 'मदत' करण्याऐवजी ते निम्मं आपलं मानावं. आमच्याकडे सकाळची वेळ नवऱ्याची आहे. मुलगा पडद्यामागे का गेला, हे त्याला आता माझ्याआधी कळतं.

शेवटी बालवाड्यांशी बोलायचं आहे. नर्सरीत येणारं मूल नुकतं कुठे तीन वर्षांचं झालेलं असतं, आणि तरी अनेक ठिकाणी 'शी-शू सांगता येत असेल तरच प्रवेश' अशी अट असते. त्या अटीपायी घराघरांत मे महिन्यात जबरदस्ती सुरू होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा मुलांची स्वच्छता हा त्यांनी शिक्षणाचाच भाग धरला होता. मूल स्वच्छ नाही म्हणून त्याला दारातून परत पाठवलं नाही. त्याच महाराष्ट्रात आपण तीन वर्षांच्या मुलाला ओल्या चड्डीवरून अपात्र ठरवायचं का? मुलांच्या उंचीचा संडास, नळाला पाणी, कपाटात जास्तीच्या चड्ड्या आणि न ओरडता कपडे बदलणारी एक मावशी, एवढं शाळेला जमवता येतं. आणि पालकांनी प्रवेशाच्या वेळी खरं तेच सांगावं: 'दिवसा बहुतेकदा सांगतो, कधी कधी विसरतो.' तीन वर्षांच्या मुलाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवायचं काही कारण नाही.