महाराजाचे मूळ चित्र कुठे गेले?

पट्ट्यापट्ट्यांची पगडी, बाकदार नाक, गालांबाहेर डोकावणाऱ्या भरघोस मिशा आणि पाहुण्यापुढे अदबीने झुकलेली कंबर. एवढ्या वर्णनावरून एअर इंडियाचा महाराजा कुणीही ओळखेल. जुन्या मासिकांतल्या जाहिरातींत तो पॅरिसला गेला की प्रेमवीर व्हायचा, टोकियोत सुमो पहिलवान, तर कधी फुटपाथवर चित्रे रंगवणारा कलावंत. विमानाचे तिकीट ज्यांच्या स्वप्नातही नव्हते, अशा घरांतूनही त्याची चित्रे कौतुकाने पाहिली जात.

अशा जाहिरातींची पाने कापून जपणारे हौशी लोक बरेच आहेत. पण खऱ्या दर्दी संग्राहकाला हवे असते ते चित्रकाराच्या हातचे मूळ चित्र. ते सहसा मिळत नाही. का मिळत नाही, याची हकिकत मोठी बोलकी आहे.

नोंदवहीतून जगभर

महाराजाचा जन्म 1946 चा. टाटा एअरलाइन्सचे 'एअर इंडिया' झाले तेही याच वर्षी. कंपनीच्या व्यापार विभागाचे बॉबी कूका यांची कल्पना आणि मुंबईच्या जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात संस्थेतील चित्रकार उमेश राव यांची रेषा, अशी ही जोडी. उडत्या गालिच्यावर बसून हुक्का ओढणारा हा गृहस्थ आधी विमानातल्या टिपणवहीच्या कागदावर आला. दुसरे नाव सुचले नाही म्हणून महाराजा म्हटले, त्याचे रक्त काही राजघराण्याचे नाही, असे खुद्द कूकाच गमतीने सांगत. 8 जून 1948 रोजी मुंबई-लंडन विमानसेवा सुरू झाली आणि पुढे कंपनीच्या मार्गांबरोबर महाराजाही देशोदेशी पोहोचला.

काम झाले, चित्र संपले

त्या काळी जाहिरात संस्थेत चित्र तयार व्हायचे ते जाड कागदावर, बहुधा छापायच्या आकारापेक्षा मोठे. पेन्सिलीच्या कच्च्या रेषांवर ब्रश किंवा बारीक टाकाने काळी शाई फिरवली जाई. चूक झाली तर त्यावर पांढरा रंग. मजकुराच्या छापील पट्ट्या रबर सोल्युशनने चिकटवल्या जात. वर ट्रेसिंग पेपर लावून त्यावर रंगांच्या सूचना लिहीत. मग हे सारे ब्लॉकमेकरकडे जाई. तो कॅमेऱ्याने चित्र लहान करून जस्ताचा ब्लॉक बनवी.

ब्लॉक तयार झाला की मूळ चित्राचे काम संपले. जपायचा तो ब्लॉक, कारण पुढची जाहिरात त्यावरून छापता येई. चित्र कपाटात पडून राही आणि जागेची अडचण झाली की रद्दीत जाई. जाहिरातीवर चित्रकाराची सहीही क्वचितच असे. चित्र गेले की कुणी काढले, याचा पुरावाही त्याच्याबरोबर जाई.

याच एअर इंडियाने 1956 मध्ये नागपूरजवळच्या बेला गावी जन्मलेल्या चित्रकार बी. प्रभा यांची सहा चित्रे विकत घेतली आणि त्यातून पुढे हजारो कलाकृतींचा संग्रह उभा राहिला. 2023 मध्ये त्यातील निवडक कृती मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात रसिकांना पाहायला मिळाल्या. भिंतीवरच्या चित्राला चित्रकाराचे नाव मिळते. जाहिरातीच्या चित्राला ते मिळावे, ही काळजी आता संग्राहकालाच घ्यावी लागते.

अस्सल कसे ओळखाल?

चांगले भिंग घ्या. छापील रंगीत चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. हातच्या चित्रात शाई कुठे दाट, कुठे विरळ असते. चित्र तिरके धरून उजेडात पाहा: पांढऱ्या रंगाचे थर उठून दिसतात, खाली पेन्सिलीच्या खुणा सापडतात. कडेला मापे आणि कापण्याच्या खुणा असतील, मागे संस्थेचा शिक्का किंवा कामाचा क्रमांक असेल, तर आनंद माना. सोल्युशनचे तपकिरी डाग हा दोष नव्हे, ती त्या काळाची खूण आहे.

विकणाऱ्याला एक प्रश्न मात्र जरूर विचारा: हे तुमच्याकडे आले कुठून? समाधानकारक उत्तर नसेल तर मोह आवरा. उत्तर मिळाले तर ते लिहून घ्या, पावतीही मागा. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. मूळ चित्र विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्क मिळाला असे नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः मालकाकडे असतो. 1994 च्या दुरुस्तीने दहा हजार रुपयांवरील पुनर्विक्रीत चित्रकाराला वाटा मिळण्याची तरतूद केली, पण तीही चित्रकार स्वतः पहिला हक्कदार असेल तरच. म्हणजे पगारी जाहिरात चित्रकाराच्या हाती येथेही काही लागत नाही.

घरी जपताना

चित्रावर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, ऊन आणि ओल लागणार नाही असे आडवे ठेवा. पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर लागली का ते पाहा. भिंतीवर लावायचेच तर काच चित्राला टेकू देऊ नका.

मुंबईपासून दूर, भिलाईच्या खुर्सीपारसारख्या कामगारवस्तीत राहणाऱ्यांना मूळ चित्र सापडण्याची शक्यता कमीच. ती चित्रे तयार झाली मुंबईत आणि बहुतेक संपलीही तिथेच. पण छापील पाने रेल्वेने गावोगावी पोहोचली होती. रद्दीच्या गठ्ठ्यात असे पान मिळाले, तर मासिकाचे नाव, महिना आणि वर्ष पाकिटावर लिहून ठेवा. नुसते चित्र कापून बाकीचे टाकू नका. पुढे कधी कुणाच्या हाती मूळ चित्र आले, तर ते केव्हा आणि कशासाठी काढले गेले, हे अशाच एखाद्या पानावरून कळेल. मग चित्रकाराच्या नावाचा शोधही सोपा होईल.