तेलाच्या बुधलीवरचा आरोप

स्तनाचा कर्करोग आणि आहारातील स्निग्ध पदार्थ यांचा संबंध हा विषय महाराष्ट्रातील घरांत बहुधा तेलाच्या वादातूनच निघतो. रिफाइंड तेलाने कर्करोग होतो, घाण्यावरचे शेंगदाणा तेल चालते, करडईचे त्याहून बरे आणि साजूक तूप तर औषधच, अशी मते देहूरोडच्या वसाहतींपासून मावळातील वाड्यावस्त्यांपर्यंत सर्रास ऐकू येतात. आणि एखाद्या घरी बाईला गाठ निघाली, की ही मते हळूच तिच्या स्वयंपाकघराच्या झाडाझडतीत बदलतात. गेल्या ८० वर्षांतील संशोधनाने या प्रश्नाचे उत्तर अनेकदा पालटले आहे, म्हणून निवाडा करण्यापूर्वी ते संशोधन क्रमाने पाहिलेले बरे.

आहारातील स्निग्धांश हा मुख्यतः मेदाम्लांचा, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्या हायड्रोजनने पूर्ण भरलेल्या असल्या तर मेद संपृक्त, जसे तूप किंवा खोबरेल. साखळीत मोकळ्या जागा असल्या तर असंपृक्त, जसे करडई किंवा शेंगदाण्याचे तेल. द्रव तेलात कारखान्यात अर्धवट हायड्रोजन भरून वनस्पती तूप, म्हणजे घरोघरचा डालडा, केला जात असे तेव्हा ट्रान्स मेद हा तिसरा प्रकार तयार होई.

या मेदावर पहिला गंभीर संशय १९४२ साली शिकागोत अल्बर्ट टॅनेनबॉम यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून आला. अधिक स्निग्ध खाद्य दिलेल्या माद्यांत स्तनग्रंथींच्या गाठी जास्त आढळल्या. पुढे १९७५ च्या सुमारास कॅनडाचे केनेथ कॅरोल यांनी अनेक देशांतील दरडोई स्निग्धांश आणि स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू एकाच आलेखावर मांडले, तेव्हा बिंदू जवळपास सरळ रेषेत चढत गेले: एका टोकाला जपान आणि थायलंड, दुसऱ्या टोकाला पश्चिम युरोप आणि अमेरिका. त्या आलेखाची मोहिनी अनेक वर्षे टिकली. मात्र ज्या देशात तूप-लोणी जास्त, त्याच देशात मुलींना पाळी लवकर येते, लग्ने उशिरा होतात, मुले कमी होतात, अंगावर पाजण्याचा काळ आखडतो आणि मद्यही जास्त प्यायले जाते. त्यामुळे देशांच्या सरासरीवरून एकेका बाईविषयी काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

या फसगतीचे सर्वांत बोलके उदाहरण परदेशात शोधावे लागत नाही. मुंबईत १९६३ साली कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि डॉ. डी. जे. जस्सावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींची समाजवार फोड केली, तेव्हा पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा ठळकपणे जास्त आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कमी आढळले. अंडी, मांस आणि तूप यांनी समृद्ध असलेल्या पारशी जेवणाकडे बोट दाखवणे सोपे होते. परंतु याच स्त्रिया शिकलेल्या होत्या, त्यांचे लग्न उशिरा होत असे, अनेक जणी अविवाहित राहत आणि अपत्यांची संख्या अगदी थोडी असे. म्हणजे ताटाखेरीज जोखीम वाढवणारी जवळपास सगळी कारणे तेथे एकवटली होती. त्यांच्या जेवणातील तूप बाजूला काढून त्याचा एकट्याचा दोष मोजणे त्या नोंदींवरून शक्यच नव्हते.

ते मोजण्यासाठी निरोगी स्त्रियांचा आहार आधी नोंदवून वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घ्यावा लागतो. अमेरिकेतील सुमारे ८९,००० परिचारिकांवरील अशा अभ्यासाचा निष्कर्ष वॉल्टर विलेट यांनी १९८७ साली प्रसिद्ध केला, तेव्हा जास्त आणि कमी स्निग्धांश खाणाऱ्या गटांत रोगाच्या दृष्टीने फरक दिसला नाही. १९९६ साली सात अभ्यास एकत्र करून सव्वातीन लाखांहून अधिक स्त्रियांची आकडेमोड झाली, तरीही उत्तर तेच राहिले. शेवटी रजोनिवृत्ती झालेल्या ४८,८३५ अमेरिकी स्त्रियांवर थेट प्रयोग झाला, ज्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून एका गटाला स्निग्धांश कमी करून भाज्या, फळे आणि धान्ये वाढवण्यास शिकवले गेले. २००६ साली हाती आलेल्या निकालात या गटात स्तनाचा कर्करोग ९ टक्क्यांनी कमी होता, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकला असता. जवळपास २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२० मध्ये, या गटातील स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी दिसले. या निकालाने तेलविरोधकांना हुरूप येणे स्वाभाविक असले, तरी त्या स्त्रियांच्या ताटात तेल घटले तसे फळ-भाजी-धान्य वाढले होते आणि वजनही थोडे उतरले होते, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रातील पुरावाही याच दिशेने, पण अधिक नेमके बोट दाखवतो. १९८७ साली बार्शीत भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील तिच्या नोंदींशी मुंबईची तुलना केली, तर मुंबईतील स्त्रियांत या रोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक भरते. ही दरी का पडते, हे तपासण्यासाठी टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी २००९ ते २०१३ या काळात सोळाशेहून अधिक रुग्ण स्त्रिया आणि रुग्णांना भेटायला आलेल्या, कर्करोग नसलेल्या सुमारे दीड हजार स्त्रिया यांची तुलना केली. त्यात ठळकपणे पुढे आलेली गोष्ट म्हणजे पोटाचा घेर: कंबर भागिले नितंब हे गुणोत्तर ०.९५ किंवा त्याहून जास्त असलेल्या स्त्रियांत जोखीम पाळी सुरू असतानाही आणि गेल्यानंतरही बरीच वाढलेली होती. हे मोजायला शिवणाच्या मशिनीच्या खणातली टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध एक माप, नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर दुसरे. पहिले ९५ सेंटिमीटर आणि दुसरे १०० भरले, की तो आकडा गाठला गेला.

पोटावरची चरबी नुसती साठवणीची कोठी नसून रसायने घडवणारी ऊती आहे, हे यामागचे कारण. पाळी थांबल्यावर बीजकोशांतून इस्ट्रोजेन जवळपास बंद होते; तेव्हा चरबीतील अरोमाटेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवत राहते आणि ते स्तनातील पेशींना वाढीचा इशारा देत राहते. पाळी सुरू असताना मात्र एकूण वजन जास्त असणे उलट थोडे संरक्षक दिसते, हे अनेक देशांत आढळले आहे आणि टाटाच्या अभ्यासातही दिसले. त्यामुळे सरसकट ‘लठ्ठपणा म्हणजे कर्करोग’ असे समीकरण मांडणारे भित्तिपत्रक अर्धेच खरे सांगते.

तेलाची बुधली पूर्ण निर्दोष सुटत नाही, पण तिच्यावरचा आरोप बदलतो. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोवर गेला आहे आणि शिफारस सुमारे १२ किलोची आहे. फरक दिवसाला २१ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास १९० कॅलरींचा, एका मोठ्या भाकरीइतका. गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणाऱ्या मावळातील बाईच्या अंगी तेवढे सहज जिरत असे. तिच्याच लेकीने दिवसभर खुर्चीवर बसून काम केले आणि येता-जाता वडापाव, फरसाण खाल्ले, तर ते कमरेवर साठते. घाण्याचे तेल असो वा रिफाइंड, ग्रॅममागे कॅलरी नऊच. दुप्पट पैसे मोजून आणलेल्या तेलाची धार सैल सोडली, तर फायदा घाणेवाल्याचाच. ट्रान्स मेदाचे प्रमाण तेला-तुपात २ टक्क्यांवर आणण्याचा नियम जानेवारी २०२२ पासून लागू झाला, ही गोष्ट हृदयासाठी निश्चितच चांगली झाली.

तेलाच्या चर्चेचा खरा तोटा असा, की ती आजारी बाईच्या माथी तिच्याच स्वयंपाकाचा दोष मारते आणि गाठ वेळेत ओळखण्याचा मुद्दा मागे पडतो. भारतात २०२२ साली या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. मृत्यूंचे हे प्रमाण फोडणीने ठरत नाही, उशिरा झालेल्या निदानाने ठरते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांवर चाललेल्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगात प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. २०२१ च्या निकालानुसार सर्व वयोगट मिळून मृत्यूंतील १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, मात्र पन्नाशीपुढील स्त्रियांत ती सुमारे ३० टक्के होती. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही; देहूरोड कँटोन्मेंटचा दवाखाना असो वा मावळातील प्राथमिक आरोग्य केंद्र, प्रशिक्षित परिचारिका आणि आडोशाची एक खोली पुरते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यानुसार तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. प्रत्यक्षात, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ती आयुष्यात एकदा तरी झालेल्यांचे प्रमाण ०.९ टक्के आहे.