पट्टा पडल्यावर ग्रामसभा घ्या

गेल्या डिसेंबरात आमच्या गावचा विकास आराखडा मंजूर झाला. मारुतीच्या पारावर सतरंजी अंथरली होती, लाउडस्पीकर लावला होता आणि समोर मोजून एकोणीस माणसं होती. त्यांतले सात सदस्य, दोन अंगणवाडी सेविका, एक आशाताई आणि मी. उरलेली आठ म्हातारी माणसं सभा असो वा नसो, रोज तिथेच बसलेली असतात. आधीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली होती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे आमच्याकडे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

सरपंचबाईंना दोष देत नाही. माणसं आणायची कुठून? आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. मतदार चौदाशेच्या आसपास. दिवाळी उरकली की गावातून साडेतीनशे कोयते ऊसतोडीला कारखान्यावर जातात. बाहेरच्यांसाठी सांगते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांची मिळून एक उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि दोघांचा मिळून एक हिशेब. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. बाई वेगळी मोजलेली टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत सापडत नाही. तिची वेगळी मोजणी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात तरी असावी, एवढंच माझं मागणं आहे. हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

मी एकोणतीस वर्षं आरोग्य सेविका होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गाव मला 'सिस्टर'च म्हणतं. डिसेंबरच्या त्या सभेत ग्रामसेवकांनी (त्यांना आता सरकारने ग्रामपंचायत अधिकारी केलंय, पण हाक जुनीच चालते) आराखडा वाचून दाखवला. नऊ संकल्पना असतात, त्यांतली एक 'आरोग्यदायी गाव'. तिच्याखाली एकच काम होतं, उपकेंद्राला संरक्षक भिंत. 'बालस्नेही गाव' या मथळ्याखाली अंगणवाडीच्या बोलक्या भिंती. बाकी पेव्हर ब्लॉक, बंदिस्त गटार, हायमास्ट, स्मशानभूमीचं शेड. मी विचारलं, "भाऊ, भिंतीनं कुणाचं रक्त वाढतं का?" ते हसले. म्हणाले, "सिस्टर, कामाचं अंदाजपत्रक होतं, बाईच्या रक्ताचं कसं करू? पोर्टलवर चढवायचंय मला."

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) पैसा यायचा तो वाटे घालून. साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, चाळीस टक्के मोकळा. पण त्या मोकळ्या पैशातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. आरोग्याचं काम म्हणजे बहुतेक वेळा माणसाने माणसाकडे जाणं, तेही दर महिन्याला. असा खर्च त्या चौकटीत बसवायला जीव काढावा लागायचा. भिंत एकदा बांधली की तिचा फोटो चढवता येतो. म्हातारीला वर्षभर गोळ्या पोचवल्या, त्याचा फोटो काय काढणार?

राज्यघटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती १९९३ साली लागू झाली. तिच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी एकोणतीस विषय आहेत, आणि त्यांत आरोग्य, कुटुंब कल्याण, महिला व बालविकास, दिव्यांगांसह समाजकल्याण हे चारही आहेत. मी नोकरीत असताना एकाही सरपंचाने मला येऊन विचारलं नाही, की सिस्टर, या विषयात गावाने काय करायचं? त्यांच्या लेखी मी सरकारची आणि माझ्या लेखी ते गटाराचे.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण दुसऱ्यावर बोट दाखवून लिहिणं सोपं असतं.

आम्हा सेविकांकडे पात्र जोडप्यांचं रजिस्टर असतं. बायको पंधरा ते एकोणपन्नास वर्षांची, अशी सगळी जोडपी त्यात येतात. कुणाचं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं की ते जोडपं पात्र राहत नाही. मग मी पट्टी घेऊन त्या नावावर लाल शाईची रेघ मारायचे आणि शेऱ्यात 'पिशवी काढली' असं लिहायचे. पस्तिशीच्या बायका, कुणी तर तिशीच्याही आतल्या. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, उसाच्या फडात पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही, आणि एक दिवस खाडा पडला की मुकादम दंड कापतो. खासगी डॉक्टर म्हणाला काढून टाक, तर हिला वाटलं, चला, एक कटकट संपली. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल. मी रेघ मारत गेले. वर्षाअखेरीस माझं रजिस्टर अद्ययावत असल्याबद्दल बैठकीत कौतुकही झालं होतं.

२०१९ साली हा विषय वर्तमानपत्रांत गाजला. राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ब्याऐंशी हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या तेरा हजारांत माझ्या लाल रेघा होत्या. प्रत्येक उपकेंद्रात असं रजिस्टर होतं, प्रत्येक गावात ग्रामसभा होत होती, आणि हे उघडकीला आलं ते बाहेरून. कुठल्याही गावाने आपल्या आराखड्यात लिहिलं नाही, की आमच्या बायकांचं असं असं होतंय.

म्हणून म्हणते, आराखडा बांधकामांच्या यादीवरून नको, माणसांच्या यादीवरून करा. आणि माणसं गावात असतील तेव्हा करा.

आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि पुढचे काही महिने चालते. पुढच्या आर्थिक वर्षाची तयारी म्हणून दिल्लीच्या दृष्टीने ते सोयीचंच आहे. पण आमच्या गावाचं वर्ष एप्रिलला सुरू होत नाही की जानेवारीलाही नाही. ते दोनच तारखा ओळखतं, टोळी निघाली तो दिवस आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, तो दिवस. ऑक्टोबरात लोक गावात असले तरी सोयाबीनच्या काढणीत आणि उचलीच्या बोलण्यात असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात ते सांगली-कोल्हापूरला नाहीतर बेळगावकडे कोप्यांत असतात. पट्टा पडून मार्च-एप्रिलात परततात. मग १ मेची ग्रामसभा आयती आहेच की! नवा शासननिर्णय लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. ऊन उतरल्यावर रात्री आठला घ्या. लग्नसराईतही त्या वेळेला पारावर दोनशे माणूस जमतं, हे मी पाहिलंय. त्या सभेत गरजांची यादी करून इतिवृत्तात घ्या आणि ऑक्टोबरच्या आराखड्याला तीच जोडा.

यादीत काय असावं, ते मी आमच्या आशाताईला घेऊन या उन्हाळ्यात लिहून पाहिलं. आम्ही घरं घेतली नाहीत, महिने घेतले. सप्टेंबरात कोण गरोदर आहे, तिचं बाळंतपण कुठल्या महिन्यात येतं, तेव्हा ती कुठल्या कारखान्यावर असेल? मुकादमाला हे माहीत असतं, उपकेंद्राला नसतं. पेंटाव्हॅलंटचा डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतो. दहाव्या आठवड्याला गाव सोडलेल्या बाळाचा तिसरा डोस कोण देणार? कार्ड सोबत दिलंय का, की ते पत्र्याच्या पेटीत घरीच राहिलं? मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांत बीपी-शुगरच्या गोळ्या कुणाला चालू आहेत? आमच्या गावात असे त्रेसष्ट निघाले. त्यांतल्या अकरा जणांजवळ सहा महिने दुसरं कुणीच नसतं. एका आजोबांना पोरगा जाताना दोन पोती ज्वारी आणि मोबाइल देऊन गेला होता. मोबाइलला रिचार्ज नव्हता आणि गोळ्या नाताळातच संपल्या. उपकेंद्रात त्या फुकट मिळतात, पण त्यांच्या घरापासून उपकेंद्र तीन किलोमीटरवर आहे.

ही सगळी यादी शंभर पानी वहीच्या नऊ पानांत मावली. खर्च काढला तर आणखी आश्चर्य वाटलं, कारण बरीचशी कामं बिनपैशाची आहेत. टोळी निघायच्या आधीच्या आठवड्यात रक्ततपासणी आणि लसीकरणाचं शिबिर, म्हाताऱ्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम, परतल्यावर प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशा आहे, गोळ्या आहेत. नाही ती फक्त तारीख. जिथे पैसा लागतो तिथे गावाच्या स्वउत्पन्नातला दहा टक्के महिला-बालकल्याणाचा आणि पाच टक्के दिव्यांगांचा वाटा आहे. शिवाय ग्राम आरोग्य समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित निधी येतो. आमच्याकडे गेल्या वर्षी त्याचं फिनेल, फलक आणि चहा झाला.

इथे कुणी म्हणेल, बाई, ज्या गावाची घरपट्टीच वसूल होत नाही त्याच्या उत्पन्नाचे दहा टक्के म्हणजे किती? बरोबर आहे. आमच्याकडे तो आकडा सांगायला लाज वाटावी इतका आहे. केरळात मात्र १९९६ पासून लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या नियोजनाच्या पैशांचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त स्थानिक संस्थांकडे दिला गेला. २००८ च्या धोरणानंतर तिथल्या पंचायती खिळून पडलेल्या रुग्णांच्या घरी नर्स पाठवतात. ऐकून मला आधी हेवा वाटला. मग हिशेब घातला. केरळात ग्रामपंचायती साडेनऊशेसुद्धा नाहीत, आपल्याकडे अठ्ठावीस हजारांच्या घरात. तिथली एक पंचायत म्हणजे आपल्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राची हद्द. दोन हजार वस्तीच्या गावाने स्वतःची नर्स नेमावी असं मी म्हणणार नाही. तसं कुणी भाषणात म्हणालं तर त्याला उठून विचारेन, पगार कुठून? पण एका आरोग्य केंद्राखालची पंधरा-वीस गावं आपापल्या वह्या घेऊन पंचायत समितीत एकत्र बसली, तर फेरीची गाडी आणि एक नर्स यांचा खर्च आवाक्यात येतो. पंधराव्या वित्त आयोगाचा दहा टक्के हिस्सा पंचायत समितीला मिळायचा. तो गावोगाव एकेक शेड वाटून संपवायचे, कारण सदस्यांना आपापल्या गणात काहीतरी दाखवायचं असायचं.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. बाई सभेत बोलेल का? पिशवीचं, पांढरं जाण्याचं, पारावर, सासऱ्यासमोर? नाही बोलणार. त्यासाठी आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती आमच्याकडे सह्यांच्या वहीवरच होते. वही घरोघर फिरते, आंगठे-सह्या होतात, झाली महिला सभा. यंदा ती अंगणवाडीत घ्यायची, दार लावून, असं सरपंचबाईंनी कबूल केलंय. त्या स्वतः चौदा हंगाम ऊस तोडून आल्यात. पन्नास टक्के आरक्षणाने त्यांना खुर्ची दिली. फडातलं काय ते त्यांना माझ्याहून जास्त कळतं. पण पोर्टल आणि अंदाजपत्रकांपुढे त्या आजवर गप्प बसत आल्या.

वही मी ग्रामसेवकांकडे नेऊन दिली. त्यांनी चाळली, गोळ्यांच्या पानावर थोडे थांबले. त्यांचे वडीलही असेच दुसऱ्या गावी एकटे असतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणाले, "घेऊ की, १ मेच्या सभेत आयत्या वेळच्या विषयात घेतो."

मी नाही म्हटलं. आयत्या वेळच्या विषयापर्यंत पारावर कुत्रंसुद्धा उरत नाही. विषय क्रमांक दोनवर घ्या, असं मी त्यांना सांगितलं. एक नंबर सोडला, कारण मागचं इतिवृत्त वाचून कायम करावंच लागतं. आणि माझी इच्छा आहे, की ते एकोणीस जणांचं इतिवृत्त परतलेल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जावं.