फळ्यावरची विशेषणं

धाकट्या बहिणीच्या वहीत अ‍ॅना मणींचं स्वभावचित्रण होतं: जिज्ञासू, जिद्दी, धाडसी. चित्रपुस्तक वाचून झाल्यावर बाईंनी फळ्यावर दिलेलं. हेच शब्द मेरी क्युरीलाही चालतील की! मला वाटतं, मुलांना आधी प्रसंग द्यावा. आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. अ‍ॅनाने मागितला ब्रिटानिका ज्ञानकोश. (आमच्या घरी दागिना नाकारून दाखवा!) मग विचारावं, ही मुलगी कशी? पुढचंही लपवू नये. रामन यांच्या प्रयोगशाळेत तिने हिरे-माणकांवरच पाच शोधनिबंध लिहिले, तरी एम.एस्सी. नाही म्हणून पीएच.डी. नाकारली गेली. १९४८ मध्ये ती पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाली. 

बहिणीने विचारलं, "तिला राग नाही आला?" या प्रश्नाला वहीत जागाच नव्हती.