शेतकऱ्याच्या खिशांत काय असावें?

आपल्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांस कोपरीच्या खिशांत चंची ठेवण्याचा विसर कधीं पडत नाहीं. पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, प्रत्येकास निराळा कप्पा! अलीकडे तिच्या शेजारीं मोबाईलही आला. कित्येक चाकू व हातभर सुतळी बाळगतात, तें योग्यच आहे. परंतु शिसपेन्सिल व लहानशी टांचणवही मात्र क्वचितच कोणाजवळ आढळते. महसूल खात्याच्या दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें हें वैगुण्य मला विशेष जाणवतें.

वारसाहक्कानें जमीन आल्यास तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावी व त्यानें तिची लेखी पोंच लागलीच द्यावी, असें १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४९ व्या कलमांत आहे. लोक वर्दी तोंडी देतात. पोंच मागणारा विरळा. पुढें फेरफार अडला म्हणजे ‘मीं सांगितलें होतें’ या शब्दांस कचेरींत किंमत नसते. भाऊबंद मात्र तेवढ्यांत कागद घेऊन हजर होतात!

बियाण्याचेंही तेंच. उगवण झाली नाहीं तर तक्रारीस पावती व पिशवीवरील चिठ्ठी लागते; आणि ती चिठ्ठी पेरणीच्या दिवशींच बांधावर उडून गेलेली असते. तिजवरील लॉट क्रमांक तेथल्या तेथें वहींत उतरावा, व पावती आणि चिठ्ठी त्याच वहींत घालून घरीं न्यावीं. मोबाईलांत छायाचित्र घेतां येतें हें खरें, परंतु तो बिघडला कीं सर्वच गेलें.

लिहिण्यास शिसपेन्सिलच घ्यावी. शाई घामानें व पावसानें फुटते. शिंप्याकडून खिशास झांकण व गुंडी मात्र लावून घ्यावी, नाहींतर वांकून खुरपतांना वही चिखलांत पडते.